निरीक्षण आणि आपला नवा लेखक

गेली बरीच वर्षे नव्या लेखकांची हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येतात. पूर्वी वहीत येत, आता मोबाईलवर येतात. त्यांत राग असतो आणि तो खरा असतो. तरीही वाचून झाल्यावर बऱ्याच कविता एकमेकींत मिसळून जातात. हजारो वर्षांचा अंधार, उगवणारा सूर्य, पेटलेली वस्ती, तुटणाऱ्या बेड्या. हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा वापरले त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी कमावले होते. आता ते तयार मिळतात, आणि तयार शब्द मिळाला की डोळ्याचे काम थांबते. कवी कोणत्या गावचा, त्याची आई काय काम करते, त्याच्या घराचे दार कोठे उघडते, यातले काहीच त्या कवितेवरून कळत नाही.

प्रतिभा जन्मजात असते असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. त्या वादात मला पडायचे नाही. निरीक्षण मात्र शिकता येते, आणि आपल्याला तर ते अगदी मुळापासून शिकावे लागत नाही. गावगाड्यात महारा-मांगाला पाहणे ही जगण्याची अटच होती. कोणत्या वाटेने जायचे, कोणाच्या ओट्यापासून किती लांब उभे राहायचे, पाटलाचा चेहरा आज कसा आहे, भाकरी टाकणारा हात किती उंचावरून येतो, हे ज्याला कळत नसे त्याला मार बसे. शिवेचा तंटा निघाला की हद्द दाखवायला महार लागे, त्याची साक्ष मानली जाई. ज्या माणसाला गावात शिरताना दहादा विचार करावा लागे, त्याच्याच डोक्यात गावाचा नकाशा होता! ही नजर गावाच्या कामासाठी राबली. ती स्वतःच्या कामाला लावली तेव्हा आपले लेखन सुरू झाले.

याचा फार जुना दाखला १८५५ सालचा आहे. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. त्या निबंधात धर्माविषयी वाद आहे, पेशवाईतल्या जुलमाची हकिकत आहे. पण ती मुलगी आपल्या बायांच्या बाळंतपणाकडे वळते, डोक्यावर छप्पर नसताना पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या बाईचे हाल सांगते, तेव्हा वाद घालणाऱ्याला उत्तर सुचत नाही. छप्पर आहे की नाही, एवढेच तिने पाहिले आहे.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) लुगड्याची हकिकत आहे. महार बाईने लुगड्याचा काठ दिसू द्यायचा नाही, तो निऱ्यांत दडवून नेसायचा. दिसणारा काठ हा वरच्या जातींच्या बायांचा हक्क. गोष्ट एवढीच. पण तीत काय काय आले आहे पाहा. लुगडे आहे, त्याला काठ आहे, म्हणजे त्याचे मोल कोणी तरी भरलेले आहे. आणि रोज सकाळी ते नेसताना बाईने आपला कमीपणा आपल्याच बोटांनी दुमडून घ्यायचा आहे. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य शंभरदा लिहून जे पोचत नाही ते इथे एका काठाने पोचते. पुरुष लेखकाच्या नजरेतून हा तपशील सहज निसटला असता, कारण निऱ्या त्याला घालाव्या लागत नाहीत. आपण कोठे उभे आहोत आणि आपले हात कोणत्या कामात आहेत, यावर आपल्याला काय दिसते ते ठरते.

म्हणूनच नव्या लेखकाला मी दोन पुस्तके लागोपाठ वाचायला सांगतो. पहिले त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५). गावाची इतकी बारीक नोंद मराठीत दुर्मीळ, ती वगळून चालणार नाही. दुसरे दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८). विषय एकच, बलुते. एकीकडे कुणब्याच्या खळ्यावरून किती धान्य जाते याचा हिशेब, दुसरीकडे त्या धान्यावर जगणाऱ्या घरातल्या पोराची आठवण. दोघेही नीट पाहणारे आहेत. तरी दोघांना दिसलेले गाव एक नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे? माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे सांगतो. वडील गटारसफाईच्या कामावर. त्याने वडिलांवर दीर्घ कविता लिहिली होती, तीत अंधार, नरक, शतके असे सगळे होते. मी त्याला एकच विचारले, ‘बाबा कामावरून आल्यावर सगळ्यांत आधी काय करतात?’ त्याला सांगता येईना. त्याच घरात तो बावीस वर्षे राहत होता. मी म्हटले, ‘आठवडाभर काही लिहू नकोस. दारात बसून बघ.’ आठवड्याने तो आला ते पानभर गद्य घेऊन. बाबा चपला बाहेर काढतात. त्यांचा साबण वेगळा, तो बाहेरच्या कोनाड्यात असतो. कोपरापर्यंत हात तीनदा धुतात. मग नातीला उचलण्याआधी स्वतःची बोटे नाकाशी नेऊन बघतात. त्या पानात अंधार हा शब्द नव्हता. ते पान मला अजून पाठ आहे.

यात युक्ती काही नाही. ज्याची सवय झाली आहे ते आपल्याला दिसेनासे होते, आणि ज्याची लाज वाटते तिकडे आपण बघतच नाही. शिकलेल्या मुलाला बापाचा साबण दिसत नाही तो या दोन्ही कारणांनी. म्हणून सुरुवात घरापासून करावी. वही जवळ ठेवावी. तीत भावना नंतर, वस्तू आधी लिहावी: काय होते, कोठे होते, कोणी उचलले, पुन्हा कोठे ठेवले. एकाच जागी तीन वेळा जावे; सभा-मिरवणुकीच्या दिवशी नव्हे, काही घडत नसते अशा दुपारी. वास आणि आवाज लिहावेत, कारण ते आधी विसरले जातात. मोबाईलने फोटो काढायला माझी हरकत नाही, फक्त फोटो काढला की पाहून झाले असे वाटते, आणि माझा अनुभव असा की तो पुन्हा कोणी उघडत नाही.

मात्र एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. नजर एकदा उघडली की ती आपल्याला हवे तेवढेच दाखवत नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्याखाली नवरा बायकोवर हात उगारतो आहे. बुद्धवंदना रोज होते आणि शेजारच्या मांगाच्या घरचा चहा मात्र घेतला जात नाही. हे लिहायचे की नाही? लिहिले तर बाहेरचे लोक हसतील, शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, असे आपले कार्यकर्ते म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण ‘बलुतं’ आले तेव्हाही आपल्याच माणसांकडून अशी कुरकुर झाली होती, आणि आज ते पुस्तक वगळून आपल्या साहित्याचा इतिहास कोणी लिहू शकत नाही. ज्याने फक्त समोरच्याची जात पाहिली आणि स्वतःच्या उंबऱ्याच्या आत पाहिले नाही, त्याचे निरीक्षण अर्धेच झाले, असे माझे मत आहे. अर्थात ज्या माणसाविषयी लिहायचे त्याचे नाव-गाव झाकावे, शक्य तर त्याला वाचून दाखवावे. त्या तरुणाने पान बापाला वाचून दाखवले. बाप काही बोलला नाही, पण पान घडी करून स्वतःजवळ ठेवले म्हणे.

आणखी एक काम आहे, त्याला वेळ थोडा उरला आहे. कामांबरोबर त्यांचे शब्द जात आहेत. विहिरीवर विजेचे पंप आले, मोट गेली. मोटेबरोबर नाडा आणि सोल गेले. बैल कमी झाले तसे दावे, कासरा, म्होरकी वळणारे मांग बांधवांचे हात रिकामे झाले. नायलॉनचा दोर दुकानात मिळतो. या शब्दांना केवळ बोलीचा रंग म्हणून कथेत शिंपडू नये. प्रत्येक दोराची जाडी, पीळ आणि काम वेगळे होते, आणि ते डोळे मिटून ओळखणारी माणसे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. एका म्हाताऱ्यांना मी विचारले, ‘आबा, नाडा आणि सोल यांत फरक काय?’ त्यांनी तोंडी सांगितलेच नाही. नातवाला घायपाताचा वाख आणायला लावला, पायाच्या अंगठ्यात धरून पीळ भरायला बसले आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. दोन तास गेले. माझ्या वहीत त्या दुपारची सात पाने आहेत, आणि दोराच्या पिळाविषयीचे निम्मे अजून लिहायचे राहिले आहे.