आरबी२६ : मापांच्या भरवशावर उभे राहणारे इंजिन

निस्सान कंपनीने १९८९ साली ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही गाडी आर३२ या नव्या रूपात बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी तयार केलेले आरबी२६डीईटीटी हे इंजिन रस्त्यावरच्या गरजेपेक्षा शर्यतीच्या नियमांकडे पाहून आखलेले होते. एक्झॉस्टच्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवून, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरणाऱ्या यंत्रणेला टर्बोचार्जर म्हणतात. ‘ग्रुप ए’ शर्यतींत अशा इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरली जाई, आणि त्या हिशेबाने २५६८ घनसेंटिमीटरचे हे सहा सिलिंडरांचे इंजिन साडेचार लिटरच्या वर्गात बसे. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील २९ पैकी २९ शर्यती याच गाडीने जिंकल्या, आणि १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यतही तिच्याच नावावर लागली.

जपानी उत्पादकांमधील समजुतीमुळे या इंजिनाची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीवर थांबली होती, परंतु बिडाचा ब्लॉक, सात मुख्य बेअरिंगांवर पेललेला क्रँकशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल अशी रचना त्याहून कितीतरी अधिक ताकद सोसणारी असल्याने मालकांनी बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवत नेला. मूळ टर्बोंची एक्झॉस्टकडील चक्रे सिरॅमिकची होती. ती वजनाला हलकी, म्हणून चटकन वेग घेणारी, पण वाढीव दाबाखाली तुटणारी. या इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन २००२ मध्ये थांबल्यामुळे आज रस्त्यावर असलेले मूळ गाडीतील प्रत्येक इंजिन वीस वर्षांहून जुने आहे, आणि ते कधी ना कधी पूर्ण उघडावे लागणार हे जवळजवळ ठरलेलेच आहे.

इंजिन उघडणे हे पान्यांचे काम वाटते, पण त्यातला निर्णायक भाग मोजमापाचा असतो. ब्लॉक धुऊन कोरडा झाल्यावर प्रत्येक सिलिंडरचा व्यास, जो मुळात ८६ मिलिमीटर असतो, डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तसेच दर ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घेतला जातो. अशी सहा सिलिंडरांची छत्तीस मापे कागदावर आली की सिलिंडर वरपासून खालपर्यंत निमुळता झाला आहे का, त्याची गोलाई लंबवर्तुळाकडे झुकली आहे का, हे उघड होते. मापे मर्यादेबाहेर असतील तर ब्लॉक बोअर करून अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठे पिस्टन घातले जातात. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडताना, हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, जागी पोलादाची जाड पाटी नेमून दिलेल्या ताकदीने आवळावी लागते, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा आकार किंचित बदलतो आणि जो गोलपणा हवा तो आवळलेल्या अवस्थेतला हवा.

फोर्ज्ड पिस्टन, म्हणजे तापलेला मिश्रधातू ठोकून घडवलेले पिस्टन, कारखान्यातील ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतात. म्हणून पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये जास्त मोकळीक ठेवावी लागते, आणि ती किती हे पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यावरूनच ठरवावे. रिंगांचेही तसेच आहे. रिंग सिलिंडरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने तपासली जाते आणि कमी असल्यास टोके घासून वाढवली जाते. टर्बो इंजिनात ही फट मुद्दाम मोठी ठेवतात, कारण तापून टोके एकमेकांना भिडली तर रिंग भिंतीला ओरबाडते आणि पिस्टनची कड तुटते.

या इंजिनाचा खरा कच्चा दुवा मात्र तेलाच्या वाटेत आहे, आणि जाणत्या कारागिराची पारख तिथेच होते. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या सपाट बाजूंनी ऑइल पंपाचा आतला गियर फिरतो; आर३२ च्या सुरुवातीच्या गाड्यांत ही पकड अरुंद असल्याने जास्त वेगात गियर तडकतो, म्हणून तिथे रुंद पकडीचा कॉलर बसवतात. दुसरे असे की दीर्घकाळ उंच वेगावर चालताना तेल वरच्या हेडमध्ये साचते, परत येण्याच्या वाटा अपुऱ्या पडतात आणि खालच्या सम्पमधून, म्हणजे तेल साठवणाऱ्या तळाच्या भांड्यातून, पंप हवा ओढू लागतो; त्यामुळे हेडकडे जाणाऱ्या तेलावर बारीक छिद्राचा अटकाव, परतीच्या रुंद वाटा आणि मोठा सम्प या तिन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. बेअरिंग उडालेल्या इंजिनाचा जुना ऑइल कूलर मात्र धुऊनही परत वापरू नये, कारण त्याच्या पाकळ्यांत अडकलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगांवरच येऊन पडतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर स्पार्क प्लग काढून आणि इंधन बंद ठेवून तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर फिरवतात, म्हणजे टर्बोपर्यंत तेल पोचल्यावरच पहिला स्फोट होतो. पुढचा टप्पा रनिंग-इनचा, आणि आपल्याकडे पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर हेच शब्द लिहिलेला कागद चिकटवण्याची पद्धत असल्यामुळे त्याचा अर्थ गाडी हळू चालवणे एवढाच घेतला जातो. तो अपुरा आहे. रिंग बसते ती जळत्या वायूंचा दाब तिच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो म्हणून, आणि होनिंगच्या रेषांची टोके त्या रेट्याखाली पहिल्या काही तासांतच झिजतात. इंजिन बराच वेळ आयडलवर ठेवले किंवा भाराविना हळू चालवले तर तो दाबच मिळत नाही, भिंतीवर तेलाचा गुळगुळीत थर जमतो आणि रिंगा पुढे कधीच नीट बसत नाहीत. म्हणून साधे खनिज तेल घालून, बूस्ट किमान ठेवून, मधल्या गियरमध्ये वेग टप्प्याटप्प्याने वाढवत भार देणे आणि मग ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्याच ब्रेकने गाडी मंदावू देणे हा क्रम इष्ट ठरतो. पहिले तेल पन्नास किलोमीटरच्या आत काढून फिल्टर कापून पाहावा: धातूची बारीक पूड अपेक्षित असते, पण बेअरिंगच्या धातूचे पापुद्रे दिसले तर इंजिन त्याच क्षणी थांबवावे. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर सिलिंडरांतील दाबाची आणि गळतीची चाचणी सहाही सिलिंडरांत जवळजवळ सारखी आली, तरच सिंथेटिक तेल घालून बूस्ट वाढवण्याचा विचार करावा.

पुन्हा बांधलेले आरबी२६ इंजिन किंवा ते असलेली गाडी विकत घेणाऱ्याने आत घातलेल्या महागड्या भागांची यादी ऐकून समाधान मानू नये. बोअरची, रिंगांची आणि बेअरिंगांची मापे लिहिलेला कागद, तसेच रनिंग-इननंतरच्या दाबचाचणीचे आकडे मागावेत, आणि ते मिळत नसतील तर ते इंजिन न उघडलेलेच आहे असे धरून किंमत ठरवावी.