महाबळेश्वरचा बर्फ आभाळातून येत नाही

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या धक्क्यावरच्या फळ्या पांढऱ्या दिसतात, लिंगमळ्याच्या बाजूला गाड्यांच्या टपांवर पातळ पापुद्रा धरतो आणि दुपारपर्यंत ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’ अशी बातमी घरोघरी पोचलेली असते. मुंबईत ज्यांचा स्वेटर कपाटातून बाहेर यायलाही मुहूर्त मिळत नाही, ते शनिवार-रविवारचं आरक्षण बघू लागतात. ‘मिनी काश्मीर’ हे नाव हॉटेलवाल्यांनाही सोयीचंच आहे. बर्फाची ही हौस समजण्यासारखी आहे. पण तिच्या पोटी एक ठाम समज रुजला आहे, की थंडी आणखी थोडी वाढली तर आपल्याकडेही काश्मीरसारखा बर्फ पडेल. वस्तुस्थिती उलटी आहे. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी ज्या कारणांनी पडते, त्याच कारणांमुळे त्या वेळी बर्फ पडू शकत नाही.

वेण्णा तलावावर जे दिसतं ते गोठलेलं दव असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. ढग असले तर त्यातली बरीचशी उष्णता ते पुन्हा खाली पाठवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली तर ती थेट निघून जाते. वारा पडलेला असेल तर वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत नाही, आणि गार हवा जड असल्यामुळे उतारांवरून घरंगळत खोलगट जागी साचते. अशा रात्री आभाळाकडे तोंड करून असलेल्या पातळ वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त थंड होतात: गाडीचा पत्रा, लाकडी फळी, गवताची पाती, स्ट्रॉबेरीची पानं. त्यांच्यावर दव आधी जमतं आणि मग गोठतं. पान जवळून पाहिलं की फरक कळतो. पारदर्शक, काचेच्या मण्यांसारखे थेंब दिसले तर ते गोठलेलं दव. पानाच्या कडेला पांढऱ्या बारीक सुयांची झालर असेल तर तिथे हवेतली वाफ पाणी न होताच थेट गोठलेली असते. दोन्हींत वरून काहीच पडलेलं नसतं. म्हणूनच पत्रा पांढराफटक असतो आणि शेजारच्या झाडाखालची माती कोरडी.

यावर हमखास शंका निघते: वेधशाळेने तर त्या दिवशी किमान तापमान दहा-अकरा अंश सांगितलं होतं, मग पाणी गोठेल कसं? कोणीतरी खोटं बोलतंय असं त्यावरून ठरवायची घाई नको. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो, कारण त्याला हवेचं तापमान मोजायचं असतं. गवताच्या पात्याचं तापमान तो मोजतच नाही. शिवाय तो असतो पठारावर आणि बर्फ दिसतो तलावाकाठच्या सखल भागात. जितकं उंच तितकं थंड, हा शाळेत शिकलेला नियम अशा शांत रात्री उलटा होतो. हिवाळ्यात कितीतरी पहाटे पुण्याचा पारा महाबळेश्वरपेक्षा खाली असतो, आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्या बहुधा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतात, ज्याची उंची महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. तिथल्या द्राक्षबागायतदारांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. पारा उतरू लागला की मणी तडकतील या धास्तीने ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

आता मूळ मुद्दा. नुसत्या थंडीने बर्फ पडत असता तर दिल्लीत तो केव्हाच पडला असता. १६ जानेवारी १९३५ रोजी दिल्लीत सफदरजंगला उणे ०.६ अंश तापमान नोंदवलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच थंडीच्या लाटेत पुण्याचा पारा १.७ अंशांवर आला. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होते. हे तिन्ही आकडे आजही त्या त्या ठिकाणचे नीचांक म्हणून सांगितले जातात, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी बर्फ पडला नाही. तो तयार होतो ढगात. ढगापासून जमिनीपर्यंतची हवाही पुरेशी थंड असावी लागते, नाहीतर वाटेतच तो वितळून पाऊस होतो. (जमिनीवर तापमान शून्याखालीच हवं असं मात्र नाही, एक-दोन अंशांतही हिमवर्षाव होतो.) जानेवारीतही महाराष्ट्राच्या डोक्यावर हवा शून्य अंशाला पोचते ती साधारण चार-साडेचार किलोमीटर उंचीवर. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे आणि कळसूबाई १,६४६ मीटरवर. म्हणजे ढगातून निघालेल्या हिमकणाला महाबळेश्वर गाठायला जवळजवळ तीन किलोमीटर उबदार हवेतून यावं लागेल. तो टिकणार नाही.

त्यात ढग आणि थंडी आपल्याकडे एकत्र नांदत नाहीत. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर, हिमाचलात बर्फ पाडतात. ते पुढे सरकले, उत्तरेत आभाळ मोकळं झालं, की तिथली कोरडी गार हवा आपल्याकडे वाहू लागते आणि आपल्याला हुडहुडी भरते. उलट अशा एखाद्या प्रणालीचे ढग महाराष्ट्रावर आले की रात्री ऊबदार होतात, आंब्याचा मोहोर काळा पडायची भीती निर्माण होते आणि फार तर अवकाळी सरी येतात. ‘थंडी गेली कुठे’ असं आपण ज्या आठवड्यात विचारतो, त्या आठवड्यात आभाळ ढगाळ असण्याची शक्यता मोठी. पाणी आणि गारठा यांची गाठ पडल्याशिवाय बर्फ नाही, आणि आपल्याकडे एक आला की दुसरा निघून जातो.

जाणकार वाचक इथे हरकत घेईल, आणि ती हरकत भक्कम आहे. मेक्सिकोतलं ग्वादालाहारा हे शहर साधारण अमरावतीच्या अक्षांशावर आणि महाबळेश्वरपेक्षा जेमतेम दोनशे मीटर उंच. तिथे डिसेंबर १९९७ मध्ये चक्क बर्फ पडला. चीनमधलं ग्वांगझौ भोपाळच्या अक्षांशावर, जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथेही जानेवारी २०१६ मध्ये हिमकण उतरले. मग उष्ण कटिबंधाचा दाखला देऊन महाराष्ट्राला नाही कसं म्हणायचं? उत्तर अक्षांशात नाही, भूगोलात आहे. उत्तर अमेरिकेत ध्रुवाकडून मेक्सिकोपर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली उंच पर्वतरांग नाही. ध्रुवीय हवा सपाट प्रदेशावरून दक्षिणेकडे थेट घुसू शकते. पूर्व आशियातही सायबेरियाची थंडी तिबेटच्या पठाराला पूर्वेकडून वळसा घालून दक्षिण चीनमध्ये उतरते. भारताच्या उत्तरेला मात्र हिमालय आणि त्यामागे सरासरी साडेचार किलोमीटर उंचीचं पठार उभं आहे. अतिथंड हवा जड असते, जमिनीलगतच्या दोन-तीन किलोमीटरांच्या थरात पसरते. तिला ही भिंत ओलांडता येत नाही. आपल्याला ज्या ‘उत्तरेच्या वाऱ्यां’नी गारठायला होतं ते सायबेरियाचे नसून बहुतांशी भिंतीच्या अलीकडचेच असतात. उंची मिळाली तर आपल्या अक्षांशावर बर्फ पडतोच: हवाईमधलं मौना केआ शिखर जवळजवळ नाशिकच्याच अक्षांशावर आहे, पण ४,२०७ मीटर उंच आहे, आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. सह्याद्रीला तेवढी उंची नाही आणि हिमालय उत्तरेची थंडी पोचू देत नाही. उंची आणि ध्रुवीय हवा या दोन्ही वाटा इथे बंद आहेत.

गारांचा गोंधळ यातच मिसळतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारपिटीने शिवारं पांढरी झाली, तेव्हाही ‘काश्मीर अवतरलं’ असे फोटो फिरले. ज्याचा गहू आडवा झाला त्याला ते कसे वाटले असतील, हा प्रश्न वेगळा. गारा हे थंडीचं लक्षणच नव्हे. जमीन तापून उठलेल्या प्रचंड उंच ढगांत, जोराने वर जाणाऱ्या झोतांवर पाण्याचे थेंब गोठत आणि थर चढवत राहतात, आणि जड झाले की इतक्या वेगाने कोसळतात की वितळायला सवड मिळत नाही. म्हणून त्या उन्हाळ्याच्या तोंडावर पडतात, ऐन पौषात सहसा नाही.

गोठलेल्या दवाचंही सगळ्यांनाच कौतुक नसतं. स्ट्रॉबेरीचं उघडलेलं फूल त्यात सापडलं तर त्याचा मधला पिवळा भाग काळा पडतो आणि त्या फुलाचं फळ गेलं. पर्यटकांना पाहायचंच असेल तर दिवस मात्र ओळखता येतो. काश्मीर-हिमाचलातली बर्फवृष्टी थांबून दोन-तीन दिवस झालेले, महाराष्ट्रावर ढगाचा टिपूस नाही, संध्याकाळपासून वारा पडलेला, अशा रात्रीनंतर सूर्य उगवायच्या आधी तलावाच्या सखल बाजूला जावं. ऊन तिथवर पोचलं की फळ्यांवर ओल तेवढी उरते. आणि शेताच्या बांधावरूनच बघावं. पानांवरचा पापुद्रा खरवडून गोळे करायला आत शिरलं की वाफे तुडवले जातात.