अमानत खाऱ्या पाण्याची

मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीमुळे अनेक बिऱ्हाडे हलत आहेत. घरी समुद्री मासे पाळणाऱ्यांची यात अडचण होते. नवी टाकी लगेच मासे पेलत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे कोणाकडे ठेवायचे?

शोभेच्या माशांचा धंदा करणाऱ्या बांधवांनी हे काम रीतसर भाडे ठरवून घ्यावे, असे आम्ही सुचवतो. मात्र टाकी स्वतंत्र हवी. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ आणि तापमान २५ अंशांच्या आसपास राखावे. गिऱ्हाइकाचे खडक जुन्या पाण्यात बुडवूनच आणावेत. सुकले की जिवाणू मरतात. मासे मोजून घ्यावेत, दगावल्यास नुकसान कोणाचे हे आधीच लिहून ठेवावे. अमानत चोख सांभाळली, तर गिऱ्हाईक कायमचे जोडले जाते.