समुद्रकाठची सुट्टी : तिथी पाहून, हिशेब मांडून

दिवाळीच्या सुट्टीची चाहूल लागली, की प्रवासी कंपन्यांच्या रंगीत जाहिराती घराघरांत डोकावू लागतात. निळेशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर झुकलेले माड आणि खाली बारीक अक्षरांत मासिक हप्त्यांची सोय. मॉरिशस, बाली, अंदमान ही नावे आता चलथाणच्या वसाहतींतील मुलांनाही तोंडपाठ झाली आहेत. या जाहिराती क्षणभर बाजूला ठेवून मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून जाते. चलथाण त्याच्या दक्षिणेस, एकवीस अंशांच्या किंचित वर आहे. हवाई बेटांतील होनोलुलू जवळजवळ त्याच अक्षवृत्तावर वसले आहे, आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडे साधारण तेवढेच दूर आहे. ज्या उष्ण कटिबंधातील समुद्रासाठी लोक हप्ते बांधून घेतात, त्याच कटिबंधात आपण जन्मापासून नांदत आहोत, आणि समुद्र आपल्या दारापासून फार तर तास-दीड तासाच्या वाटेवर आहे.

असे असूनही चलथाणमधील कित्येक मराठी घरांनी तो निवांतपणे पाहिलेला नाही. याचे कारण उघड आहे. आपली बहुतेक कुटुंबे खानदेशातून तापी लाइनने इकडे आली, आणि सुट्टी मिळाली की त्याच लाइनने बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत नंदुरबार-जळगावकडे परततात. मे महिना लगीनसराईत जातो. आहेर, भाडे आणि येणेजाणे यांत वर्षाची शिल्लक संपते. गावाकडची ही ओढ तोडावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु गाडी नेहमी पूर्वेकडेच धावत राहिली, तर घरातील चार माणसे केवळ एकमेकांसाठी अशी एकत्र कधी बसतच नाहीत. वर्षातून दोन रात्री तरी गाडी उधन्याला बदलून दक्षिणेकडची धरावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. आपला समुद्र निळा नाही. तापी, नर्मदा आणि इतर नद्यांचा गाळ व खंभातच्या आखाताकडील जोरदार भरती-ओहोटी यांमुळे डुमसपासून तिथलपर्यंतचे पाणी गढूळ दिसते आणि वाळू काळसर असते. जाहिरातीतील चित्र डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्याची निराशा होते. त्यातून तो ओहोटीच्या वेळी पोहोचला, तर पाणी दूर गेलेले आणि पुढे नुसता चिखल, असे दृश्य पाहून तासाभरात परततो आणि ‘तिथे काही नाही’ असे सर्वांना सांगत सुटतो.

वस्तुतः या किनाऱ्यावर जाण्याचा मुहूर्त पंचांगातच लिहिलेला असतो. कोकणपट्टीतील कोळी मंडळींचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजावयाचे. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा; म्हणजे अष्टमीस सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी किनाऱ्याशी भरलेले असते. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे. आपल्याकडे उत्तरेस भरती थोडी उशिराने येते, तेव्हा नेमकी वेळ तेथील नाखव्यालाच विचारावी. अमावास्या-पौर्णिमेस याच्या उलट घडते. त्या दिवशी उधाण असते, भरती भर दुपारी येते आणि सकाळ-संध्याकाळ, म्हणजे मुलांना पाण्याशी न्यावयाच्या नेमक्या वेळी, समुद्र दूर निघून गेलेला असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्यामुळे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही सौम्य असते. तिथी पाहून गेल्यास पैसा एकही अधिक पडत नाही, आणि त्याच किनाऱ्याचा आनंद मात्र दुणावतो.

दिवाळीच्या सुट्टीचा यात सुरेख मेळ बसतो. गुजरातमधील शाळांना तीन आठवडे सुट्टी असते. भाऊबीज ते लाभपंचमी हे दिवस सर्वांत गर्दीचे. खोल्यांचे भाव चढलेले आणि रिक्षावाल्यांची मिजास त्याहून चढलेली. लाभपंचमीस व्यापाऱ्यांचे मुहूर्त झाले, की गर्दी ओसरू लागते आणि दोनच दिवसांनी कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी येते. ज्यांची नोकरी कापडबाजारात आहे त्यांना त्या वेळी रजा मिळणे कठीण; त्यांनी पाडव्यानंतर लगेच जावे आणि भरती दुपारची आहे हे मनाशी ठेवून संध्याकाळ ओल्या वाळूवर चालण्यात घालवावी. साखर कारखान्यातील मंडळींचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते, तेव्हा त्यांना वैशाखाशिवाय पर्याय नाही. वैशाखात दुपारी वाळूवर पाऊल ठरत नाही. म्हणून अष्टमी त्यांनी तर आवर्जून पाहावी. जूनपासून समुद्र खवळतो, मासेमारीही दोन महिने बंद ठेवावी लागते. त्या दिवसांत पाण्यात उतरण्याचा विचारच नको. इतर ऋतूंतही ओहोटी लागल्यावर पाण्याच्या मागे मागे आत जाऊ नये. सपाट किनाऱ्यावर परतणारे पाणी पाहता पाहता मागून वेढते.

आता पैशांविषयी. बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरते आणि मग रक्कम जमविली जाते. आमच्या मते क्रम उलटा हवा. समजा, चौघांच्या घराने दहा हजार रुपये बाजूला काढले. त्यांतील दीड हजार प्रवासास, चार हजार दोन रात्रींच्या खोलीस, तीन हजार जेवणखाणास आणि हजार वरखर्चास, अशी वाटणी करावी. उरलेल्या पाचशेंना हात लावू नये. दर ठिकाणागणिक बदलतील, पण प्रमाण पाहावे. प्रवासाचा भाग वाढला, की तो जेवणातून आणि विसाव्यातूनच कापला जातो. दूरची सहल महाग पडते ती अशी. वरखर्चाचे हजार रुपये मुलांच्याच हाती द्यावेत. घोड्यावरची फेरी की नारळपाणी, हा निर्णय स्वतःच्या पाकिटातून करावा लागला म्हणजे दहा वर्षांचा मुलगाही चांगला हिशेबी होतो. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही; पाच ते बारा वर्षांच्या मुलास अनारक्षित डब्यात अर्धे तिकीट पुरते, पण आरक्षित बर्थ हवी असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे आजी-आजोबांचा खर्च मांडताना विसरू नये.

ठिकाणांत आमची पहिली पसंती बोर्डी-घोलवडला आहे. उधन्याहून नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी मागे टाकीत संजाण आणि उमरगाम आले, की पुढचे स्टेशन घोलवड, आणि तेथे पाट्या मराठीत दिसू लागतात. खरे पाहता मराठी त्याआधीच कानावर पडू लागते. उमरगाम तालुक्याची गावे १९६० साली द्विभाषिक राज्याची विभागणी होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. घोलवडला थोड्या गाड्या थांबतात. त्या वेळा न जुळल्यास डहाणू रोडला उतरून मागे यावे. बोर्डीचा किनारा लांबच लांब, सपाट, सुरूच्या झाडांनी सावलीत ठेवलेला आहे. बाजूला चिकूच्या वाड्या आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळ्यात गेल्यास ताडगोळे मिळतात, आणि ते बर्फाच्या गोळ्यापेक्षा स्वस्त नसले तरी पोटाला निश्चितच हितकर. वाड्यांतून घरगुती खोल्या व घरगुती जेवण मिळते. खोली ठरविताना ती रिकामी करण्याची वेळ कोणती, हे आधी विचारावे. सकाळी लवकर पोहोचून सामान ठेवू देत असतील, तर एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवस पदरात पडतात.

बोर्डीला आणखी एक आकर्षण आहे, आणि आपल्यासारख्या गुजरातनिवासी मराठी माणसांना ते विशेष जवळचे वाटावे. ताराबाई मोडक भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांकडे शाळाच घेऊन जावयाची, ही अंगणवाडीची कल्पना याच परिसरात रुजली. एक सकाळ कोसबाडसाठी राखून ठेवावी. तिला रिक्षाभाड्यापलीकडे विशेष खर्च नाही.

ज्यांना एकच दिवस काढता येतो त्यांनी नवसारीहून दांडीस जावे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली पदयात्रा येथे पोहोचली आणि ६ एप्रिलला गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. २०१९ पासून तेथे स्मारक उभे आहे. पदयात्रींत संगीतकार पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे मुलांना सांगावे. तिथल वलसाड स्टेशनपासून जवळ असल्याने सोयीचे, पण रविवारी गजबजलेले. थंडीत गेल्यास वलसाडच्या वाटेवर मडक्यात कंद आणि पापडी भाजून केलेले उंबाडियुं मिळते. ते चुकवू नये. दमण स्वस्त पडते असे काही गृहस्थ आग्रहाने सांगतात, पण तेथे जी वस्तू स्वस्त आहे ती कुटुंबाच्या सहलीची नव्हे.

शेवटी एक खर्च असा आहे, की जो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. काटकसरीची सहल म्हटली, की घरातील बाई दोन दिवस आधीपासून पुऱ्या तळते, पिशव्या भरते, आणि किनाऱ्यावर सर्वजण पाण्यात असताना चपला व डबे राखीत बसते. परतल्यावर वाळूने भरलेले कपडेही तीच धुते. सहल स्वस्त झाली ती तिच्या श्रमांवर, आणि सुट्टी मात्र इतरांची झाली. म्हणून वरील वाटणीत जेवणाचे तीन हजार आम्ही मुद्दाम राखले आहेत. ते वाचविण्याचा मोह यजमानांनी आवरावा. शेगडी किंवा गॅसची टाकी बरोबर नेण्याचा विचारही करू नये. रेल्वेत त्यास मनाईच आहे. न्याहारीसाठी दिवाळीच्या फराळाचे उरलेले डबे पुरेत, कारण चिवडा आणि शंकरपाळे तोवर टिकतात, आणि दिवाळीनंतर घरी त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. दोन्ही वेळचे जेवण बाहेर, ताटावर वाढून आलेले असावे. चपला राखण्याची पाळी प्रत्येकाने अर्धा अर्धा तास घ्यावी, आजोबांनीसुद्धा.

ज्यांना आरक्षण करून जावयाचे आहे त्यांच्यासाठी एक खूण. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून मागे साठ दिवस मोजले, की अधिक मास मध्ये नसल्यास, भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमाराचा दिवस येतो. म्हणजे घरी गौरी जेवतात, त्याच दिवसांत तिकिटाचे पाहावे आणि खोलीवाल्यालाही तेव्हाच कळवून ठेवावे.