लॅमिंग्टन रोडचा जाणता दुकानदार

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळून जाणारा, अधिकृत नोंदीत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेला आणि लोकांच्या तोंडी मात्र अजूनही १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्याच नावाने राहिलेला रस्ता हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार म्हणून देशभर ओळखला जातो. एकेकाळची मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक ही चित्रपटगृहे आणि चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्यांनी गजबजलेली नाझची इमारत याच रस्त्यावरची. आज तेथे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, मायक्रोफोन, वायरी आणि सुटे भाग यांची दाटी आहे. जुने ग्रामोफोन आणि रेकॉर्ड हवे असल्यास गिऱ्हाईक चोर बाजारातील मटण स्ट्रीट गाठते. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात माल सर्वत्र मिळतो, परंतु आपुलकीने बोलणारा जाणता दुकानदार शोधावा लागतो, आणि त्याची पारख भावावरून होत नाही.

असा दुकानदार माल दाखवण्याआधी प्रश्न विचारतो. खोली केवढी आहे, भिंती उघड्या आहेत की पडदे-गाद्यांनी भरलेल्या, शेजाऱ्याची भिंत लागून आहे का, ऐकायचे काय आहे, हे समजल्याखेरीज तो वॅटचा आकडा उच्चारत नाही. त्यामागे कारण आहे. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकीच. उलट तेवढ्याच शक्तीवर अधिक मोठा आवाज देणारा, म्हणजे अधिक संवेदनशील, स्पीकर निवडला तर निम्म्या शक्तीचे यंत्रही पुरते. गिरगावातल्या दहा-बाय-बाराच्या खोलीसाठी २०० वॅट मागणाऱ्या माणसाला कमी किमतीचे यंत्र सुचवणे हे विक्रेत्याच्या तात्कालिक हिताचे नसते, आणि म्हणूनच ते करणाऱ्याचे मोल मोठे आहे.

या जाणतेपणाची खरी कसोटी टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर लागते. परदेशस्थ नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेले जुने टर्नटेबल घरी लावले जाते, ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मरही आणला जातो, आणि तरीही गाणे जड, ओढल्यासारखे वाजते. अनेक जुन्या यंत्रांतील मोटर विजेच्या वारंवारतेशी, म्हणजे प्रवाह सेकंदाला जितक्या वेळा आवर्तने घेतो त्या संख्येशी, बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० आणि भारतात ५० आहे, आणि ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवत असला तरी वारंवारता बदलू शकत नाही. परिणामी मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी सुमारे २७.८ फेऱ्यांवर येते, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालते आणि काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी पाचच्या आसपास उतरते. अशा वेळी नवे यंत्र गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात. जाणता दुकानदार मात्र मोटरच्या दांड्यावरील पुली बदलायला सांगतो, कारण ५० आवर्तनांसाठीची किंचित मोठ्या व्यासाची पुली बसवली की वेग पूर्ववत होतो.

वेग तपासण्याचे त्याचे साधन म्हणजे पुठ्ठ्याची एक गोल चकती, जिच्या कडेने १८० काळ्या रेघा आखलेल्या असतात. भारतीय विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि तबकडी बरोबर ३३⅓ फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक लुकलुकीला एक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते, त्यामुळे फिरत्या चकतीवरील रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. विजेच्या वारंवारतेशी न बांधलेल्या डीसी मोटरच्या अनेक यंत्रांत वेग जुळवण्यासाठी मोटरच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. त्यात पेचकस घालून स्क्रू केसभर फिरवायचा आणि नजर रेघांवर ठेवायची, इतकेच हे काम दिसते, परंतु हाताला सवय नसेल तर रेघा कधी पुढे, कधी मागे पळत राहतात. एलईडी दिवे आल्यापासून या कामासाठी दुकानात एखादा जुना पिवळा बल्ब जपून ठेवावा लागतो, कारण बहुतेक चांगले एलईडी पुरेसे लुकलुकत नाहीत. इतक्या अल्प साहित्यात इतकी अचूकता साधणारे दुसरे साधन ध्वनीच्या व्यवसायात क्वचितच असेल.

सुईचेही तसेच. बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच रुंद असते आणि तिला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीच्या सुईपेक्षा तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई लावल्यास ती खाचेच्या तळाशी घसटत राहते आणि खरखर वाढते. ज्याच्याकडे आजोबांच्या तबकड्या आहेत त्याला हे आधी सांगणारा विक्रेता लाखमोलाचा.

अडचणी मात्र वाढत चालल्या आहेत. सुया आणि कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणारा भाग, बनवणाऱ्या श्युअर या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये हे उत्पादन बंद केले, त्यामुळे कोणत्या यंत्राला कोणती पर्यायी सुई चालते हे ज्ञान जुन्या दुकानदारांच्या स्मरणातच उरले आहे. २एन३०५५ सारख्या प्रसिद्ध ट्रान्झिस्टरच्या बनावट प्रती जगभरच्या बाजारात फिरतात. बाहेरून सारखेच दिसणारे, आत लहान सिलिकॉन चकती असलेले हे भाग पूर्ण भार येताच जळतात, आणि ठपका दुरुस्ती करणाऱ्यावर येतो. मुंबईच्या दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम कुजतो. तो बदलणारे हात कमी होत आहेत, कारण मजुरी तुटपुंजी आणि मुलांना हा धंदा नको आहे. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा रेकॉर्ड आणि कॅसेट ऐकून घेण्याची सवय लावणारी एक जागा गेली.

सर्वांत मोठी हानी मात्र गिऱ्हाइकाच्या हातून होते. तासभर दुकानात बसून चार स्पीकर ऐकायचे, खोलीचा सल्ला घ्यायचा आणि खरेदी मोबाइलवरून थोड्या कमी दरात करायची, ही रीत रूढ झाली आहे. सल्ल्याची किंमत मालाच्या किमतीतच दडलेली असल्याने तो सल्ला फुकट जातो आणि ऐकवून दाखवण्याची खोली ठेवणे दुकानदाराला परवडेनासे होते. म्हणून ज्या दुकानात ऐकले तेथूनच घ्यावे, दुरुस्तीच्या मजुरीत घासाघीस करू नये आणि स्पीकर ऐकायला जाताना स्वतःच्या ओळखीची एक रेकॉर्ड बरोबर न्यावी.