अरे, हा तर थॉमस मिचेल!

हम्फ्री बोगार्टवर जीव जडायला वेळ लागत नाही. रेनकोट, तिरकी टोपी, सिगारेट आणि जुनी जखम लपवणारा चेहरा. पहिल्याच भेटीत माणूस खल्लास. पण जुन्या हॉलिवूडचं खरं वेड ओळखायचं ते दुसऱ्या फळीवरून. कोपऱ्यात एखादा दारुडा डॉक्टर दिसताच ‘अरे, हा तर थॉमस मिचेल!’ असं तोंडून निघालं, की समजावं, गडी कामातून गेला.

मिचेलचं 1939 हे वर्ष बघा. ‘स्टेजकोच’मधला तो डॉक्टर, ‘गॉन विथ द विंड’मधले नायिकेचे वडील, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला बातमीदार, शिवाय ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’. एका वर्षात पाच! तेव्हा स्टुडिओ कारखान्यासारखे चालत. दीड तासात गोष्ट आटपायची, तर दुय्यम पात्राची ओळख करून द्यायला सवड कुठली? चेहरा दिसला की प्रेक्षकाला माणूस कळायला हवा. म्हणून तेच नट पुन्हा पुन्हा लागत. त्यांतले कित्येक तर एकाच स्टुडिओत आठवड्याच्या पगारावर असत. ललिता पवारांना पाहताच घरात आता काय होणार हे ओळखणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे सांगायला नको.

‘कॅसाब्लांका’त (1942) मात्र हे चेहरे वेगळंच काही सांगतात. श्रेयनामावलीतल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. पियानो वाजवणारा विल्सन खरा ड्रमवादक. पियानो त्याला येतच नव्हता. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालियो म्हणजे फ्रान्समधला नावाजलेला नट. इथे वाट्याला जेमतेम दोन-चार वाक्यं. फ्रान्सच्या राष्ट्रगीताला डोळे भरून येणारी मादलेन लेबो तेव्हा त्याची बायको होती. जर्मन फौजा आल्यावर 1940 मध्ये दोघांनी देश सोडला होता. आणि नाझी मेजर? कॉनराड फाइट. बायको ज्यू, म्हणून 1933 मध्येच जर्मनी सोडलेला. हे कळल्यावर सिनेमातला तो निर्वासितांचा कॅफे पुन्हा पाहा. बोगार्टकडे लक्ष राहत नाही.

या मंडळींना मान उशिराच मिळाला. सहायक भूमिकांची ऑस्कर 1937 च्या समारंभात सुरू झाली, तीही पहिली काही वर्षं पुतळ्याऐवजी पाटी देऊन. मिचेलला ‘स्टेजकोच’साठी मिळाली ती पाटीच. ‘कॅसाब्लांका’चा लाघवी, लाचखाऊ पोलीस अधिकारी रंगवणाऱ्या क्लॉड रेन्सला चार नामांकनं मिळाली, विजय एकही नाही. ‘रिअर विंडो’तली ती तिखट जिभेची नर्स, थेल्मा रिटर, तर सहा वेळा नामांकन मिळून रिकाम्या हातानं परतली. त्या सहा वर्षी तिला हरवणाऱ्या कोण होत्या, हे आठवायला मला पुस्तक उघडावं लागतं.