मुलगी झाली, दोष कोणाचा?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारची सून बाळंत झाली. तिसरी मुलगीच झाली. घरात कोणी साखर वाटली नाही. सासूबाई ओसरीवर डोक्याला हात लावून बसल्या. "हिच्या पोटी मुलगाच नाही. आता पोराचं दुसरं लगीन करावं," असं म्हणू लागल्या. मी गावचा मास्तर. म्हणून मला सल्ल्याला बोलावलं. तिथे जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगतो.

घर जसे विटांचे, तसे आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पण ही वीट जिवंत असते. ती अन्न घेते, वाढते. एका पेशीच्या दोन पेशी होतात. पेशी फार लहान असते. ती पाहायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागते.

पेशीच्या आत बारीक दोऱ्यांसारखी गुणसूत्रे असतात. डोळे कसे, केस कसे, हे पुष्कळसे त्यांच्यावर ठरते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. म्हणजे २३ जोड्या. पण बाईचे बीजांड आणि पुरुषाची शुक्रपेशी यांत निम्मीच, म्हणजे २३ असतात. बाईच्या पोटात या दोन पेशी एक झाल्या, की पुन्हा ४६ होतात. या एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ होतात. अशाने नऊ महिन्यांत बाळ तयार होते.

जुने लोक म्हणत, बी बापाचे आणि जमीन आईची. ते बरोबर नाही. बी दोघांचेही असते. शिवाय आई नऊ महिने भार वाहते, तो वेगळाच.

आता मुलगा की मुलगी, हे कसे ठरते? २३ जोड्यांपैकी एक जोडी ते ठरवते. बाईच्या या जोडीत दोन्ही गुणसूत्रे एकाच जातीची असतात. त्यांना 'एक्स' म्हणतात. पुरुषाच्या जोडीत एक 'एक्स' व दुसरे 'वाय' असते.

समजा, आईच्या टोपलीत नुसती ज्वारी आहे. बापाच्या टोपलीत ज्वारी आणि बाजरी निम्मी निम्मी आहे. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. ज्वारीला ज्वारी मिळाली, तर मुलगी. ज्वारीला बाजरी मिळाली, तर मुलगा. आईजवळ बाजरी नाहीच. मग ती देणार कुठून?

अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ साली पिठातल्या एका किड्याच्या पेशी तपासल्या. नराच्या शुक्रपेशी दोन जातींच्या असतात आणि त्यावरून नर की मादी हे ठरते, असे त्यांना दिसले. माणसातही तसेच आहे.

म्हणून काय आता बापाला बोल लावायचा? तसेही नाही. दाणा कोणता यावा, हे त्याच्याही हातात नाही. आणि दर खेपेला डाव नवा असतो. तीन मुली झाल्या म्हणून चौथा मुलगाच होईल, असे नाही.

दोन पेशी एक होतात, त्याच क्षणी हे ठरून जाते. मग कोणी वैदू तिसऱ्या महिन्यात मुलगा होण्याचे औषध देतो, ते कसे लागू पडेल? ती फसवणूक आहे. त्यात पैसा जातो, कधी आई व बाळ यांनाही अपाय होतो. पोटातले मूल मुलगा की मुलगी, हे तपासून सांगणे व विचारणे हा १९९४ सालच्या कायद्याने गुन्हा आहे.

हे सारे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, म्हंजे हिला मी उगाच बोलले." दुसऱ्या लग्नाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बाराव्या दिवशी त्यांनीच नातीला पाळण्यात घातले आणि गावात साखर वाटली.